राज्यसभा आणि नाशिक जिल्हा

राज्यसभा हे भारतीय संसदेचे वरिष्ठ सभागृह. स्थापना ३ एप्रिल १९५२, पहिली बैठक १३ मे १९५२. घटनेने सदस्यांची कमाल संख्या २५० ठरवली आहे. सध्या ती २४५ आहे. त्यांपैकी २३३ निवडून येतात, १२ राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. उपराष्ट्रपती हे पदसिद्ध सभापती. सदस्याची मुदत सहा वर्षे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि सभागृह कधीच विसर्जित होत नाही.

नाशिकमध्ये या सभागृहाची विधान परिषदेशी हमखास गल्लत होते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव व नंदुरबार या पाच जिल्ह्यांतले नोंदणीकृत मतदार स्वतः मत देतात. पण ते राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे विधान परिषदेसाठी. राज्यसभेसाठी मत देतात ते फक्त विधानसभेवर निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या आमदारांनाही तो अधिकार नाही. म्हणजे मालेगाव, येवला किंवा इगतपुरीचा मतदार आमदार निवडतो तेव्हा नकळत राज्यसभेचाही एक मतदार निवडत असतो. प्रचारसभांत हे कुणी फारसे सांगत नाही.

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. मतदान मुंबईत विधान भवनात होते. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम आकड्यांत लिहितो. २००३ पासून हे मतदान खुले आहे: पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची, दुसऱ्या कुणाला नाही. घोडेबाजाराला आळा बसावा म्हणून ही तरतूद आली. बसला का, हा वेगळा विषय.

१० जून २०२२ ची निवडणूक हे याचे उत्तम उदाहरण. सहा जागा, सात उमेदवार. २८५ आमदारांनी मतदान केले. मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर हरकती आल्या, प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले, मतमोजणी मध्यरात्रीनंतरपर्यंत रखडली आणि शेवटी नांदगावचे आमदार सुहास कांदे यांचे मत बाद ठरले. उरली २८४ वैध मते. प्रत्येक मताचे मूल्य १००, म्हणून एकूण २८,४००. याला जागांपेक्षा एकने जास्त, म्हणजे ७ ने भागून, अपूर्णांक सोडून त्यात १ मिळवला की विजयाचा कोटा येतो: ४,०५८. थोडक्यात, पहिल्या पसंतीची ४१ मते मिळाली की उमेदवार निश्चिंत. सहाव्या जागेचा निकाल मात्र दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागला आणि धनंजय महाडिक निवडून आले. नाशिक जिल्ह्याचे पंधराही आमदार एकत्र आले तरी मूल्य १,५०० च भरते. एकट्या जिल्ह्याच्या बळावर कुणी दिल्लीला जात नाही. २०२० आणि २०२४ मध्ये तर महाराष्ट्रातल्या जागा बिनविरोधच भरल्या, मतदानाची वेळच आली नाही.

दोन्ही सभागृहांचा अनुभव घेतलेले नाशिकचे नाव म्हणजे काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक नेते दादासाहेब गायकवाड. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९६२ ते १९६८ या काळात राज्यसभेत होते.

अधिकारांच्या बाबतीत हे सभागृह वाटते तितके दुबळे नाही. अर्थविधेयकावर मात्र त्याचे फारसे चालत नाही. ते १४ दिवसांत परत करावे लागते आणि सुचवलेल्या दुरुस्त्या स्वीकारणे लोकसभेवर बंधनकारक नसते. साध्या विधेयकावर मतभेद झाले तर संयुक्त बैठक होऊ शकते. तशी ती १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये झाली. घटनादुरुस्तीला ही वाट नाही, तिथे राज्यसभेचा होकार हवाच. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक इथेच अडले: बाजूने १४९, विरोधात ७५, आणि दोन तृतीयांश बहुमताला एक पूर्ण मतही नव्हे, एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला. राज्यसूचीतल्या, म्हणजे घटनेने राज्यांकडे सोपवलेल्या विषयावर संसदेने कायदा करावा, असा ठराव दोन तृतीयांश बहुमताने करण्याचा अधिकारही फक्त राज्यसभेला आहे.

खासदार निधीचा नियमही वेगळा आहे. लोकसभेच्या खासदाराचा निधी मुख्यतः त्याच्या मतदारसंघात खर्च होतो. राज्यसभेचा खासदार तो आपल्या राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात देऊ शकतो. त्यामुळे नागपूरच्या राज्यसभा सदस्याच्या निधीतून सटाण्यात काम होऊ शकते, त्याने पत्र दिले तर.