मासळीची घरपोच सेवा आणि होडीतला वाटा

‘महिन्याचे पैसे आधी भरा, दर आठवड्याला ताजी मासळी घरी घ्या.’ असं कुणी सांगितलं, तर ते दोन अगदी वेगळ्या व्यवहारांबद्दल असू शकतं. दोन्हींत पैसे आगाऊ जातात आणि पिशवी दारात येते, म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

घरपोच सेवेत मासा तुम्ही निवडता. अर्धा किलो सुरमई, तुकडे करून, रविवारी सकाळी. ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली असेल, गुजरातेतल्या वेरावळची असेल किंवा शीतगृहातली. सेवा देणारा हा व्यापारी आहे आणि त्यात वावगं काही नाही.

वाट्यात तुम्ही होडी निवडता. हंगामाचे पैसे नाखव्याकडे किंवा मच्छीमारांच्या गटाकडे भरायचे आणि जाळ्यात जे लागेल त्यातून ठरलेल्या वजनाची मासळी घ्यायची. अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्ट क्लाइड या लहानशा बंदरातल्या मच्छीमारांनी २००७च्या सुमारास कोळंबीपासून अशी सुरुवात केली. कम्युनिटी सपोर्टेड फिशरी, म्हणजे लोकांच्या पाठबळावरची मासेमारी, हे नाव तिकडचंच. शेतमालाचे वाटे आगाऊ विकण्याची पद्धत त्यांच्यासमोर होती.

खरा फरक पैसे कधी पोचतात यात आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. उत्पन्न थांबतं, पण खर्च नेमका तेव्हाच उभा राहतो: जाळी, इंजिनाचं काम, डागडुजी, मग पहिल्या फेरीचं डिझेल आणि बर्फ. त्यासाठी कितीतरी मच्छीमार व्यापाऱ्याकडून उचल घेतात. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, आणि भावातही त्याचंच चालतं. हंगाम चांगला गेला तरी हा फास लगेच सुटत नाही. सभासदांचे पैसे जुलैत हातात आले तर तेवढी उचल कमी घ्यावी लागते आणि तेवढी मासळी मोकळी राहते. म्हणून कुणी ‘वाटा’ म्हणत असेल पण पैसे पिशवी आल्यावर घेत असेल, तर ते दुकानच आहे, नाव काहीही असो.

याची दुसरी बाजूही मान्य करून पैसे भरावेत. वादळ आलं, होडी किनाऱ्यालाच राहिली, तर त्या आठवड्यात पिशवी नाही. तो वाटा पुढे मिळणार की बुडाला, हे आधीच ठरवून घ्यावं. शिवाय सुरमई-पापलेटचीच आशा धरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पिशवीत बांगडे येतील, तारली, मांदेली, सौंदाळे, ढोमे येतील, तेही बहुतेक अख्खे, न साफ केलेले. मला हाच वाट्याचा मोठा गुण वाटतो. बाजार मोजक्या माशांनाच भाव देतो आणि तारलीसारखा चविष्ट मासा फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, कारखान्यात जातो. आणि मागणी फक्त पापलेटची राहिली की लहान पिल्लंही विकली जातात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा घोषित केलं आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. ठरावीक होडीशी बांधलेला सभासद ‘इतकी लहान पापलेटं का आली?’ असं थेट विचारू शकतो. ॲपवर ते विचारायचं कुणाला?

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, बाजारात वाटे लावून बसणाऱ्या मावशींना वगळून ही योजना उभी राहिली, तर एका घराचा फायदा दुसऱ्या घराच्या पोटावर येईल. निवडणं, साफ करणं, वाटप ही कामं त्यांच्याकडे, त्यांच्या मजुरीसकट असावीत.

आणि कोकणात ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपलं पंचांग वेगळं. हंगाम ऑगस्टमध्ये उघडतो तेव्हा कितीतरी घरांत श्रावण चालू असतो, पाठोपाठ गणपती. सोमवार आणि गुरुवारही सोडावे लागतात. तेव्हा पैसे जुलैत, पण वाटे गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर सुरू, असा करार दोघांच्याही सोयीचा. बंदीच्या दोन महिन्यांसाठी उन्हाळ्यात सुकवलेले बांगडे, सोडे आणि सुकट वाट्यात धरता येतील का, तेही पैसे भरतानाच विचारून घ्या.