सेरोटोनिन एक, रिसेप्टर चौदा

१९५७ साली औषधशास्त्रज्ञ गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या लहान आतड्याच्या तुकड्यावर सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा प्रयोग केला. सेरोटोनिन पडलं की आतडं आकसे. डायबेन्झिलिन या औषधाने हे आकसणं काही अंशी थांबे, बाकीचं मॉर्फिनने. म्हणून सेरोटोनिनचे रिसेप्टर (संदेश पकडणारी पेशीवरची प्रथिनं) दोन मानले, औषधांच्या आद्याक्षरांवरून: डी आणि एम. त्यात मॉर्फिनने थोडी दिशाभूल केली. ते या रिसेप्टरला अडवत नाही, आतड्यातल्या मज्जातंतूंमधून अ‍ॅसिटिलकोलिन हे आतडं आकसवणारं रसायन बाहेर पडू देत नाही, इतकंच.

मेंदूपुरती वर्गवारी १९७९ची. पेरुट्का आणि स्नायडर यांनी उंदराच्या मेंदूच्या पेशीपटलांवर किरणोत्सारी खूण केलेले रेणू सोडले. सेरोटोनिन जिथे घट्ट बसलं ती जागा ५-एचटी-१ (५-एचटी हे सेरोटोनिनच्याच रासायनिक नावाचं लघुरूप), स्पायपेरोन हे औषध जिथे बसलं ती ५-एचटी-२, एलएसडी दोन्हीकडे. जुना डी म्हणजे हाच २, आणि एमला पुढे ५-एचटी-३ म्हणू लागले. हा ३ कुटुंबात एकटाच वेगळा: तो आयन-मार्ग, म्हणजे विद्युतभारित कण आत सोडणारं दार आहे, क्षणात उघडतो. ऑन्डान्सेट्रॉन उलटी थांबवतं ते यालाच अडवून. बाकी सगळे पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनांमार्फत, म्हणजे सावकाश, काम करतात.

नुसतं घट्ट बसण्यावरून नाव दिलं की काय होतं, ते १सीने दाखवलं (आकडा कुटुंबाचा, अक्षर त्यातल्या उपप्रकाराचं). कोरॉइड प्लेक्सस या मेंदूतला द्रव बनवणाऱ्या भागातला हा रिसेप्टर सेरोटोनिनला घट्ट धरतो, म्हणून १च्या गटात गेला. पण त्याची जनुकीय रचना आणि पेशीतला संदेशमार्ग, दोन्ही २एसारखे निघाले. त्याला २सी केलं. म्हणून आजच्या यादीत १बीनंतर एकदम १डी येतो. १९९४च्या वर्गीकरणात सात कुटुंबं पक्की झाली; त्यांत मिळून चौदा रिसेप्टर मोजतात.

१एचं कोडं वेगळं आहे. तो पेशीला शांत करतो, पण कोणत्या पेशीला यावर सगळं ठरतं. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात तो सेरोटोनिनचा संदेश घेणाऱ्या पेशीवर असतो. मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांत मात्र सेरोटोनिन बनवणाऱ्याच पेशीवर ब्रेक म्हणून. एसएसआरआय ही सेरोटोनिन वाढवणारी नैराश्याची गोळी सुरू केली की राफेतही सेरोटोनिन वाढतं, ब्रेक दाबला जातो आणि पेशींचे विद्युतस्पंद मंदावतात. दोन-तीन आठवड्यांत हा ब्रेक ढिला पडतो. औषधाचा गुण उशिरा येण्याचं हे एक कारण मानतात, एकमेव नव्हे. ब्रेक आधीच अडवावा म्हणून १एला अडवणारं पिंडोलॉल हे औषध जोडून पाहिलं. निकाल संमिश्र आले.

सगळ्यात महाग पडला २बी. भूक कमी करणाऱ्या फेनफ्लुरामिनपासून शरीरात बनणारं नॉरफेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांवरच्या २बीला चेतवतं. झडपा जाड होऊन गळू लागल्या आणि १९९७ साली औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. आता नवा रेणू २बीला चेतवतो का, हे प्राथमिक चाचण्यांतच तपासतात.