पार्श्वभूमी : लिप्यंतर कोणत्या रकान्यात?

साताऱ्यात राहून डिजिटल वारशात, म्हणजे जुने कागद स्कॅन करून, वाचून, सूचीबद्ध करण्याच्या विषयात प्राध्यापकी करायची, तर अडचण कागदांपासूनच सुरू होते. राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. पुढे इथल्याच एका संग्राहकाने जमवलेला मोठा ऐतिहासिक संग्रहही १९३९ मध्ये पुण्याला हलला. उरले ते वाड्यांतल्या आणि देवस्थानांतल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरांत. हे कागद बहुतेक मोडी लिपीत. संगणकावर मोडीला हक्काची जागा मिळाली ती २०१४ मध्ये, युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या ७.० आवृत्तीत.

खरी मेख आहे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या प्राध्यापक नेमणुकीच्या नियमावलीत. भाषा-मानव्यविद्यांतल्या शोधनिबंधाला १० गुण, अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला ३. लिप्यंतराला, म्हणजे मजकूर एका लिपीतून दुसरीत उतरवण्याला, रकानाच नाही. मोडी पत्र देवनागरीत आणले तरी भाषा मराठीच राहते, मग अनुवाद कुठला? शब्दावर बोट ठेवले तर मुद्दा बिनतोड.

पण एखादे पत्र समोर घेऊन बसा. रेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तारखेच्या जागी ‘खमस अशरीन मया व अलफ’. पाच, वीस, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११२५, इसवी १७२४-२५. एवढे सोडवून सूचीत नोंद करायची, तेव्हा कुठे ते पत्र कुणाला शोधून सापडणार. गुणपत्रकात हे काम शून्य. त्याच सूचीतून चार पत्रे उचलून निबंध लिहिला, की १० गुण! (निबंधाला कमी लेखायचे नाही, पण पाया कुणी घातला तेही मोजा.)

सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या पुरात जुन्या वाचनालयातल्या ग्रंथांचा लगदा झाला. तेव्हापासून स्कॅनिंगची गरज इकडे कुणाला पटवावी लागत नाही. सूचीची लागते.

२०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट ही पात्रता परीक्षा पुरते. जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर दिवस काढायचे, हे ठरलेलेच. सहयोगी पदाच्या थेट भरतीला मात्र किमान ७५ गुण लागतात. आयोगाच्या नव्या नियमावलीच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही गुणमोजणी काढून उल्लेखनीय योगदानाचे नऊ प्रकार सुचवले गेले. त्यांत भारतीय ज्ञानपरंपरा आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठीची डिजिटल सामग्रीही आहे. रुमालांची सूची यांतल्या कशात बसवायची, यावर आता नवा काथ्याकूट.