सेकंडहँड गाडी वरचेवर खर्च काढत असेल तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, उद्यमनगर, कोल्हापूर

आमच्या गॅरेजात येणाऱ्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या असतात. तक्रारही बहुधा एकच: घेतली तेव्हा स्वस्त पडली, पण दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतं आणि पैसे घालूनही लांबच्या गावाला काढायचं धाडस होत नाही. पगारातून किंवा ऊसबिलातून बाजूला ठेवलेले पैसे असे जाताना आम्हाला बघवत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. आमचं सांगणं एवढंच आहे की बिघाड नक्की कळल्याशिवाय पार्ट बदलू नका. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसा जातो तो अंदाजाने बदललेल्या पार्टांवर आणि वेळेवर न बघितलेल्या गळतीवर.

स्कॅनरवर काय दिसतं

इंजिनचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावतात, कोड येतो आणि त्या कोडवरून पार्ट मागवला जातो. पेट्रोल गाड्यांत नेहमी दिसणारा पी-०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. का कमी पडतंय, हे तो कोड सांगत नाही. एअर-फ्लो सेन्सरवर धूळ बसली असेल, पेट्रोल पंपाचं प्रेशर उतरलं असेल, नाहीतर इनटेकवरचा, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावरचा, एखादा रबरी व्हॅक्यूम पाइप क्लिपखाली चिरला असेल आणि तिथून हवा आत ओढली जात असेल. पुष्कळदा या कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो सेन्सर हवा जास्त असल्याचं बरोबर सांगत असतो, आणि नेमका तोच काढून टाकला जातो. आठवड्यात दिवा पुन्हा लागतो.

अशा गाडीत आम्ही इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडतो. पाइप जिथे चिरला असेल तिथून धुराची बारीक रेघ बाहेर येते. ती दिसली की ग्राहकाला बोनेटपाशी बोलावून दाखवतो. पाइप शंभर-दोनशे रुपयांत येतो, सेन्सरला काही हजार मोजावे लागतात.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे लावतो, ते याचसाठी. काहींना हे खटकतं, पण तपासणी फुकट करणाऱ्या गॅरेजला आपली कमाई पार्ट विकूनच काढावी लागते. आमचा तासभर गेला आणि त्यात तुमचा एक चुकीचा सेन्सर वाचला, तर तो व्यवहार तुमच्या फायद्याचा आहे.

कुलंट कमी होतंय?

"थोडं पाणी कमी होतं, अधूनमधून टाकतो," असं कुणी म्हणालं की आम्ही बाकी सगळं सोडून आधी तेच बघतो. बंदिस्त कूलिंग सिस्टीममधलं कुलंट आपोआप संपत नाही, कुठेतरी ते जात असतं. सुरुवात होज पाइपच्या क्लॅम्पवरच्या पांढरट डागाने होते, किंवा वॉटर पंपाखाली एखादा थेंब दिसतो. तेव्हा काम थोडक्यात होतं. पण हल्लीच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं, आणि तापलेली गाडी तशीच दामटली की ते वाकतं, त्याखालचं सीलसारखं गॅस्केट जातं, कुलंट ऑइलमध्ये मिसळतं. मग हेड उतरवा, मशीन शॉपला फेसिंगला (सपाट करायला) द्या, नवीन गॅस्केट, नवीन हेड बोल्ट, व्हॉल्व्ह सील, ऑइल, कुलंट. बिल वाढत जातं आणि गाडी आठवडाभर उभी राहते.

आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, कुलंटच्या बाटलीवरची रेघ बघा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. बोअरचं पाणी ओतू नका, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोंदतो. आंबा घाटात किंवा गगनबावड्याकडे चढताना काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. "दोन किलोमीटरवर गाव आहे, तिथपर्यंत जाऊ" या विचाराने गेलेली हेडं आम्ही फार बघतो.

पुरातून गेलेली गाडी

आपल्या भागात हे सांगणं भागच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये इथे आणि खाली चिपळुणात पाणी शिरलं. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, नवीन सीट कव्हर घालून बाजारात येतात आणि घेणाऱ्याला कुणी काही सांगत नाही.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. एरवी गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर पट्टा धुताना सुटतो, त्यावर गाळाची रेघ राहिलेली असते. सीटचे रूळ, त्यांचे बोल्ट आणि स्टेपनीचा खळगा बघा. कार्पेट उचलून खालचा फोम हुंगा.

अशा गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही. वायरिंगच्या कनेक्टरमधल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. आज काच अडकते, उद्या एअरबॅगचा दिवा लागतो, परवा सेल्फ लागत नाही आणि गॅरेजला नेल्यावर सगळं ठीक चालतं. अशा वेळी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायचा सल्ला मिळाला तर आधी अर्थिंग तपासून घ्या. आम्ही मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारायला सांगतो. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची केबल नाहीतर तिचा बोल्ट खराब आहे. बऱ्याच गाड्यांचं गाऱ्हाणं तिथेच मिटतं. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर मात्र आम्ही स्पष्ट सांगतो की या गाडीत मोठा पैसा घालू नका.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं. तुमच्या वर्षाच्या गाडीला ते मिळतं का, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

इथेनॉलबद्दल

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत पेट्रोल लाइनचे रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

पैसे कमी असतील तेव्हा

ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग हे आधी. त्यानंतर कूलिंग आणि टायमिंग बेल्ट, कारण काही इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. एसी, टेप, रंग सगळ्यात शेवटी. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं.

गाडी कधी सोडायची

आतापर्यंत घातलेले पैसे या हिशेबात धरू नका, ते परत येणार नाहीत. येत्या वर्षभरात काय काय लागेल याची यादी आमच्याकडून लिहून घ्या आणि ती गाडीच्या आजच्या बाजारभावाशेजारी ठेवा. क्लच, सस्पेन्शन, हेड गॅस्केट यांवरचा खर्च गाडी बाकी धडधाकट असेल तर करण्यासारखा असतो. चॅसी किंवा शॉकॲब्जॉर्बर बसवायच्या जागेचा पत्रा गंजून कुजला असेल तर थांबा, तिथे तुमच्या घरच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर आरसीचं नूतनीकरण, त्याआधीची तपासणी आणि पर्यावरण कर हेही त्या यादीत मांडा.

विकलीत तर नावावरून उतरवल्याशिवाय सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देणं पुरेसं नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आमच्याकडे येताना

जुनी बिलं असतील तशी घेऊन या, चुरगळलेली असली तरी चालतील. बिघाड कधी होतो ते लिहून आणा: गार इंजिनाला की गरम, चढावर की सिग्नलला, पाऊस असताना की नसताना. आवाज येत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. एस्टिमेट लेखी घ्या. मधेच आणखी काही निघालं तर आम्ही आधी फोन करतो, तुमच्या होकाराशिवाय काम पुढे जात नाही. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून तुमच्या डिकीत ठेवलेला असेल. नसेल तर मागून घ्या.