स्पंजावरचा तपकिरी थर

चवथीच्या आधी घर धुऊन-पुसून काढण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्या झाडलोटीतून दिवाणखान्यातली मत्स्यटाकीही सुटत नाही. काही वर्षांपूर्वी फोंड्याच्या घरी मीही तेच केले. ६० लिटरची टाकी रिकामी केली, तळाची खडी चाळणीत घेऊन नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरच्या स्पंजातून निघणारे तपकिरी पाणी थांबेपर्यंत तो पिळत राहिलो आणि टाकी नव्या पाण्याने भरली. त्या संध्याकाळी पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा इतके ते नितळ होते. तिसऱ्या दिवशी, घरात पाहुणे असताना, त्याच पाण्याला पातळ ताकाचा रंग आला आणि मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले.

पाणी गढूळ झाले म्हणजे धुण्यात काही कसर राहिली, असे समजून पुष्कळ जण टाकी पुन्हा रिकामी करतात. माझी टाकी गढुळली ती मात्र जास्त धुतल्यामुळे.

नव्या खडीची धूळ असेल तर ती एक-दोन दिवसांत खाली बसते. पाणी हिरवे झाले असेल तर ते शेवाळ असते आणि त्याला खिडकीतले ऊन कारण असते. दुधाळ पाण्याचे कारण मात्र सजीव असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांवर जगणारे जिवाणू अनुकूल स्थितीत तासाभरात दुप्पट होऊ शकतात. अन्न संपले नाही तर एकाचे दिवसभरात दीड कोटीहून अधिक होतील. हे जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. ते स्पंजाच्या छिद्रांतून आरपार जातात, तळाशी लवकर बसत नाहीत आणि सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून पाणी पांढुरके दिसते. पाण्यातला प्राणवायूही तेच वापरतात. आपल्याकडे टाकीतले पाणी सहज ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या तापमानाला लिटरभर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मासे वर येतात ते यामुळे.

तरीही डोळ्यांना दिसणारा हा गढूळपणा त्यातल्या त्यात सौम्य म्हणावा लागेल, कारण खरे विष दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात आणि कुजणाऱ्या खाद्यातूनही तो तयार होतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू वेगळेच असतात. त्यांतील एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक आहेत, तर नायट्रेट पुष्कळ प्रमाणात सोसते. या जिवाणूंची शिदोरी म्हणजे अमोनिया किंवा नायट्राइट यांचा प्राणवायूशी संयोग होताना मिळणारी तुटपुंजी ऊर्जा, आणि तेवढ्यावर त्यांना पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपले सगळे शरीर बांधावे लागते. त्यामुळे त्यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. ते पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा स्पंज, खडी आणि काच यांना चिकटून राहतात. स्पंजावरचा जो तपकिरी, बुळबुळीत थर मी क्लोरीनयुक्त नळाखाली धुऊन टाकला, त्यातच त्यांची वस्ती होती. घाण खाऊन संपवणारे जिवाणूही एरवी त्याच थरात असतात; तो गेल्यावर ती घाण पाण्यात मोकळ्या वाढणाऱ्यांना मिळाली.

हे सारे १८७७ मध्येच एका नळीत दिसले होते. थिओफील श्लोसिंग आणि आशिल म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीचे तुकडे भरलेल्या लांब काचनळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. पहिले सुमारे २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासूनच चालली असती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट येणे थांबले. वाफ काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झाले नाही. सुपीक माती कालवलेले पाणी वरून ओतले, तेव्हा काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागले. नळीत कोणी तरी जिवंत होते, ते मेले होते आणि मातीतून पुन्हा आले होते. त्या जिवाणूंना वेगळे करून त्यांची जीवनरीत उलगडण्याचे काम १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केले.

या प्रयोगाची आठवण मला प्रत्येक नव्या टाकीपाशी होते. नवी टाकी स्थिरावायला तीन-चार आठवडे लागतात, ते त्या २० दिवसांचेच भावंड. नळाच्या पाण्यातला क्लोरीन क्लोरोफॉर्मचे काम करतो. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज नव्या टाकीत पिळला की मातीच्या पाण्याप्रमाणे बीज पडते. आणि त्या नळीतल्या चुनखडीचे महत्त्व तर आपल्या गोव्यात विशेष आहे.

अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजनामागे पाण्याची सुमारे सात ग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, चुनखडीच्या हिशेबात, खर्ची पडते. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मृदू आणि बहुधा किंचित आम्ल असते, त्यामुळे ही क्षारतेची शिल्लक मुळातच कमी असते. ती संपली की सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; ७च्या खाली आम्ल) घसरतो आणि सहाच्या खाली जिवाणूंचे काम जवळपास थंडावते. आम्ल पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग निरुपद्रवी अमोनियम आयनांच्या रूपात राहतो, म्हणून मासे तग धरतात. पण २५ अंशांना सामू ७ असताना विषारी अमोनियाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, ते सामू ८ ला पाच टक्क्यांवर जाते. असा अमोनिया साचलेल्या टाकीत कोणी एकदम बरेचसे कठीण पाणी ओतले, तर सामू चढतो आणि त्या घटकेला मासे मरतात. यावरचा आमचा उपाय अगदी घरचा आहे. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले उकळून, घासून फिल्टरच्या कप्प्यात मूठभर ठेवावेत. ते कॅल्शियम कार्बोनेटच असतात आणि आम्ल वाढेल तसतसे हळूहळू विरघळतात.

याच कारणासाठी टाकीत तुरटी फिरवू नये. पावसात विहिरीचे लाल पाणी तुरटीने निवळते हे खरे आहे. तिच्यातले ॲल्युमिनियम मातीच्या कणांवरचा ऋण विद्युतभार नाहीसा करते, कण एकत्र येतात आणि गाळ खाली बसतो. पण त्या क्रियेतही आम्ल सुटते, आम्ल पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करते आणि विरघळलेला अमोनिया होता तेथेच राहतो. तासाभरात पाणी लख्ख करण्याच्या बाटलीबंद थेंबांचेही बहुधा असेच आहे. ते कण गोळा करतात, विष नाही.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली सांगितली जाणारी आणखी एक समजूत मला फार दुःख देते. टाकीतला मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे सांगून मेलेल्याच्या जागी लगेच नवा मासा आणला जातो. संकट त्या पाण्यातच असते आणि नवा मासा त्याच पाण्यात सोडला जातो.

पाणी दुधाळ झाल्यावर मी आता खाद्य दोन-तीन दिवस बंद ठेवतो, कारण निरोगी मोठ्या माशाला तेवढा उपास सहज झेपतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवतो आणि तळाची घाण नळीने ओढून घेत रोज पाव टाकी पाणी बदलतो. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट असावे आणि त्यातला क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने घालवलेला असावा. जिवाणूंचा हा पूर सहसा आठवडाभरात ओसरतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या छोट्या पेट्या मिळतात. डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर विसंबावे.

स्पंज मी महिन्यातून एकदा धुतो, तोही टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा हलके दाबून. पाणी तपकिरी होते, स्पंजही थोडा तपकिरी राहतो, आणि तो तसाच परत बसवतो. बादलीतले पाणी अबोलीच्या कुंड्यांना घालतो. त्यातले नायट्रेट अबोलीला मानवते.