ट्रोपोनिनचा दुसरा आकडा

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात तो विषय पुन्हा निघाला आणि त्याचा निकालही नेहमीसारखाच लागला. कुणाच्या तरी व्याह्यांना रात्री अस्वस्थ वाटू लागले म्हणून दवाखान्यात नेले, ईसीजी काढला तो चांगला आला, तरीही डॉक्टरांनी घरी सोडले नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाच्या तपासणीसाठी आल्याबरोबर एकदा रक्त घेतले आणि काही तासांनी तीच तपासणी पुन्हा केली. एकाच तपासणीचे दोनदा पैसे, यावर कट्ट्याचे एकमत झाले. दवाखान्यांच्या बिलांविषयी लोकांच्या मनात राग आहे आणि तो सगळाच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या एका तपासणीच्या बाबतीत तो अगदी चुकीच्या जागी निघतो. ज्यांना वर्षानुवर्षे मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्यासाठी तर पहिल्यापेक्षा दुसऱ्या आकड्याचेच मोल अधिक असते.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीतच राहणाऱ्या एका गृहस्थांना वीस वर्षांचा मधुमेह आहे आणि मूत्रपिंड किती दुबळे झाले आहे ते दाखवणारे त्यांचे क्रिएटिनिन अडीचच्या आसपास, म्हणजे चढलेले असते. एका रविवारी रात्री जेवणानंतर त्यांना दरदरून घाम सुटला आणि धाप लागली. छातीत मात्र दुखत नव्हते. घरच्यांना वाटले साखर उतरली, म्हणून कुणी साखरेचा डबा आणायला धावले. सुनेने तेवढ्यात ग्लुकोमीटर लावला तर आकडा १६८. "काय न्हाई, पित्त खवळलंय, सोडा आणा," असे ते स्वतः सांगत होते. सून म्हणाली, "मामा, साखर उतरलेली न्हाई, मग ह्यो घाम कशाचा? चला, उठा." कोल्हापुरात छातीपोटाची प्रत्येक तक्रार आधी तांबड्या रश्श्याच्या खात्यावर मांडली जाते, हे लक्षात घेता त्या मुलीने दाखवलेली समज मोठी होती.

साखर एकदम उतरली काय किंवा हृदयाचा रक्तपुरवठा अडला काय, शरीराची धोक्याची यंत्रणा एकच आहे. अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, ॲड्रिनलीन वाढते, घाम फुटतो, धडधड होते. दोहोंतला फरक सांगण्याचे काम एरवी वेदना करते. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसांप्रमाणेच हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसाही बधिर होऊ शकतात आणि मग झटका नुसती धाप, घाम, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढ्याच रूपात येतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, तेथील हृदयविकाराच्या झटक्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक झटके येऊन गेल्याचे त्या वेळी कुणाच्या लक्षातच आले नव्हते. नंतरच्या नेहमीच्या ईसीजीत त्यांच्या खुणा सापडल्या.

ईसीजी ही उत्तम तपासणी आहे. तिच्यात विशिष्ट रेषा उचललेली दिसली, तर मोठी रक्तवाहिनी बंद पडली आहे असे धरून कोणत्याही रक्ततपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात. पण ती त्या काही सेकंदांचे विद्युतचित्र असते, आणि हृदयाच्या मागच्या भिंतीकडील बिघाड त्यात सहज निसटतो. ईसीजी चांगला आला म्हणजे हृदय चांगले, हे समीकरण म्हणूनच खरे नाही. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी तर एकाच दिशेने पाहतो; ठोक्यांची अनियमितता त्याला ओळखता येते, झटका ओळखता येत नाही. जाहिरात पाहून घड्याळावर विसंबणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

येथून पुढे ट्रोपोनिन. हे प्रथिन मला फार आवडते, त्यामुळे वाचकांनी थोडा धीर धरावा.

हृदयाच्या स्नायूच्या पेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. मायोसिनने ॲक्टिनला पकडून ओढले की स्नायू आखडतो. ही ओढाताण अखंड चालू राहिली तर हृदय आवळलेलेच राहील, म्हणून ॲक्टिनच्या तंतूवर ट्रोपोमायोसिन नावाचे एक लांबट प्रथिन पकडीच्या जागा झाकून पडलेले असते. ते केव्हा बाजूला सरकायचे, हे ट्रोपोनिन ठरवते. ट्रोपोनिनचे तीन घटक आहेत. टी हा घटक ट्रोपोमायोसिनला धरून असतो, आय हा घटक पकड होऊ देत नाही आणि सी हा घटक कॅल्शियमची वाट पाहत असतो. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियमची लाट येते, सी ते पकडतो, त्यासरशी आय आपली अडवणूक सोडतो, टीच्या आधाराने ट्रोपोमायोसिन सरकते आणि स्नायू आकुंचन पावतो. मग कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतले जाते आणि सगळे पूर्ववत होते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर हा प्रकार दिवसातून लाखभर वेळा होतो. स्नायूचे आकुंचन कॅल्शियमवर कसे चालते याचा हा दुवा जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी उलगडला. १९६५ साली त्यांनी आणि आयाको कोडामा यांनी या नव्या प्रथिनाविषयी लिहिले. त्यांच्यापुढचा प्रश्न स्नायूचा होता, रोगनिदानाचा नव्हता.

रोगनिदानासाठी त्याचा उपयोग होण्याचे कारण निराळेच आहे. सी हा घटक हृदयात आणि हातापायांच्या काही स्नायूंत एकसारखाच असतो, त्यामुळे तो तपासून काही कळत नाही. टी आणि आय यांची हृदयातली रूपे मात्र स्वतंत्र जनुकांपासून बनतात. हृदयातल्या आयच्या एका टोकाला तर सुमारे तीस अमिनो आम्लांची जादा शेपटी असते, जी इतर स्नायूंतल्या आयला नसते. म्हणजे हे तुकडे रक्तात सापडले तर ते हृदयातूनच आले, हे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. याआधीच्या तपासण्यांना ही खात्री नव्हती. १९५४ पासून झटक्याच्या निदानासाठी जे विकर (एन्झाइम) वापरले गेले ते म्हणजे आपण काविळीच्या रिपोर्टात पाहतो ते एसजीओटी. यकृत बिघडले तरी ते वाढते, मग बोट कुणाकडे दाखवायचे?

आता वेळेचा हिशोब. पेशीतले बहुतांश ट्रोपोनिन तंतूंना घट्ट जखडलेले असते आणि अगदी थोडा भाग पेशीद्रवात मोकळा असतो. रक्तपुरवठा थांबून पेशी मरू लागल्या की आधी हा मोकळा साठा झिरपतो आणि नंतर तंतू विरघळत जातील तसतसा बांधलेला साठा सावकाश बाहेर पडत राहतो. म्हणून रक्तातली पातळी पहिल्या काही तासांत चढते, साधारण बारा ते चोवीस तासांत शिखर गाठते आणि पुढे कित्येक दिवस उतरत राहते. ट्रोपोनिन टी दहा ते चौदा दिवसही सापडू शकते. त्रास सुरू होऊन तासभरच झालेला असताना रक्त दिले तर आकडा मर्यादेच्या आत येऊ शकतो, आणि तेव्हा 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'अजून कळलेले नाही' एवढाच असतो.

ही मर्यादा तरी कोणी ठरवली? धडधाकट माणसांच्या रक्तातही अत्यल्प ट्रोपोनिन असते. अशा अनेक निरोगी माणसांचे आकडे मांडून, त्यांच्यातील शंभरांपैकी नव्याण्णव जण ज्या आकड्याच्या खाली येतात, तेथे रेघ मारली जाते. ट्रोपोनिन टीच्या अतिसंवेदनशील तपासणीत ती रेघ लिटरमागे १४ नॅनोग्रॅमवर आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. रेघ निरोगी माणसांची आहे, हे येथे विसरता कामा नये. दीर्घकाळच्या रक्तदाबाने हृदयाची डावी भिंत जाड होते, मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, पेशींची थोडीथोडी झीज कायम चालू राहते, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर प्रथिनाचे तुकडे रक्तातून निघून जाण्यासही उशीर होतो. परिणामी डायलिसिसवर असलेल्या बहुतेकांचा ट्रोपोनिन टीचा आकडा, कोणताही झटका आलेला नसताना, त्या रेघेच्या वरच असतो.

पंचगंगेच्या पुराचे भान असलेल्या कोल्हापूरकरांना हे अधिक समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेला माणूस पातळी ऐकून थांबत नाही, त्याचा पुढचा प्रश्न असतो, पाणी चढतंय की उतरतंय? ट्रोपोनिनच्या दुसऱ्या तपासणीत डॉक्टर हाच प्रश्न रक्ताला विचारत असतात. २०१८ साली आंतरराष्ट्रीय हृदयरोग संघटनांनी मिळून केलेल्या झटक्याच्या व्याख्येतही ही चढउतार आवश्यक मानलेली आहे. निदान एक आकडा रेघेच्या वर हवा, आकड्यांत वाढ किंवा घट दिसायला हवी, आणि जोडीला रक्तपुरवठा अडल्याचा लक्षणांतून, ईसीजीतून किंवा अन्य तपासणीतून पुरावा हवा. मुळातच चढलेला आकडा असेल तर साधारण वीस टक्क्यांहून अधिक बदल झाला की तो ताजा बिघाड समजतात.

आमच्या गल्लीतल्या गृहस्थांचा पहिला आकडा ४६ आला. रेघेच्या तिपटीहून अधिक, म्हणून मुलाचा धीर खचला आणि पाहुण्यांना फोन गेले. दोन तासांनी आकडा ४७ आला आणि पुढच्या तपासणीतही तो तेथेच राहिला. पाणी चढत नव्हते. धाप कशामुळे लागली त्याचा शोध वेगळ्या वाटेने घेतला गेला आणि फुप्फुसात साठू लागलेले पाणी औषधांनी कमी केले गेले. याउलट एखाद्याचा पहिला आकडा ९ येतो, रिपोर्टात तो मर्यादेच्या आतला म्हणून साध्या काळ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि दोन तासांनी तोच ३१ होतो. या दोघांत तातडीच्या धोक्यात दुसरा माणूस आहे. मात्र पहिल्याच रिपोर्टावर सही करून घरी जाण्याचा हट्ट धरणाराही बहुधा तोच असतो. अतिसंवेदनशील तपासणी उपलब्ध असेल तेथे एक ते तीन तासांत दुसरे रक्त घेतात, जुन्या पद्धतीच्या तपासणीत सहा तासांपर्यंत थांबावे लागते.

एककांचा घोळ येथे पुष्कळांना फसवतो. एक प्रयोगशाळा मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम लिहिते आणि दुसरी लिटरमागे, त्यामुळे ०.०१४ आणि १४ हे दोन्ही एकच आकडे असतात. शिवाय टी आणि आय यांच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि आयच्या तर यंत्रागणिक बदलतात. लक्ष्मीपुरीतला सकाळचा रिपोर्ट आणि राजारामपुरीतला संध्याकाळचा रिपोर्ट शेजारी ठेवून वाढ की घट हे घरी ठरवू नये. दोन्ही नमुने एकाच पद्धतीने तपासलेले असतील तरच तुलनेला अर्थ असतो.

दीर्घ आजाराच्या माणसाने बाळगायची सर्वांत उपयोगी वस्तू त्यामुळे अगदी साधी आहे. प्रकृती बरी असतानाचा ईसीजी, शेवटचा क्रिएटिनिन, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला असेल तर त्याचा निष्कर्ष, आणि पूर्वी कधी ट्रोपोनिन केले असेल तर तो आकडा तपासणीच्या नावासह, यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असावेत. चालू औषधांची चिठ्ठी, विशेषतः इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्यांच्यासोबत असावी. रात्री दोन वाजता तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांना जुना आकडा ४५ होता हे पाच मिनिटांत समजले, तर समोरचा ४६ ते वेगळ्या नजरेने वाचतात. दुसरी तपासणी तरीही करतातच. गगनबावडा किंवा चंदगडच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर घाटरस्त्याचा वेळ धरून १०८ ला लवकर फोन करावा. पित्ताची गोळी घेऊन तासभर वाट पाहण्याची सवय तिकडे अधिक महागात पडते.

त्या तासाभरात मोबाइलवरचे वैद्यकशास्त्रही आडवे येते. एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, हा संदेश फिरून फिरून येत असतो. रुग्णालयात, मॉनिटर लावलेला असताना, ठोक्यांचा एक विशिष्ट बिघाड होताक्षणी डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात, तेवढ्यावरून कुणीतरी हे घरगुती शास्त्र रचले आहे. त्यात फोन करण्याचा वेळ जातो. लसूण, आले आणि लिंबाच्या रसाने बंद नळ्या उघडतात, हा दावाही त्याच लायकीचा. रुग्णाच्या उशाला लिंबू-मिरची ठेवणाऱ्या आजीबाई निदान ती विकत घ्या म्हणून साऱ्या गावाला कळवत नाहीत.

ट्रोपोनिन चढलेले आहे पण स्थिर आहे, असे कळल्यावर घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाइल कपाटात जाते. ताजा झटका नाही एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. स्थिर राहिलेला चढा आकडा हृदयाच्या स्नायूची मंद गतीने चाललेली झीज दाखवतो, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत असा आकडा ज्यांचा असतो त्यांना पुढील वर्षांत हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आलेले आहे. म्हणून घरी सोडल्यानंतर काही दिवसांतच रक्तदाबाचे औषध पुरेसे आहे का, हृदयाची भिंत किती जाड झाली आहे, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन चालू आहे का आणि पाणी किती प्यायचे, हे चार प्रश्न घेऊन मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना दोन्ही ट्रोपोनिन रिपोर्ट वेळेच्या नोंदीसह बरोबर न्यावेत.