जुन्या आर्केड मॉनिटरची वायर जोडणी : चॅसिस हाती आल्यावर वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्याकडून दुरुस्त होऊन आलेले चॅसिस (पिक्चर ट्यूब चालवणारे, मॉनिटरच्या मागचे सर्किट) कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वी हे पत्रक एकदा शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती. येथे दिलेली जोडणी १९ इंची रंगीत मॉनिटरसाठी आहे; म्हणजे कॅनडातील किचनर येथील इलेक्ट्रोहोमचा जी-०७ आणि शिकागोच्या वेल्स-गार्डनरचे के-४६००, के-४९०० व के-७०००. १९८० च्या पॅक-मॅनपासून पुढे अनेक वर्षे अमेरिकी कॅबिनेटांत हे मॉनिटर सर्रास बसवले जात. आमच्या टेबलावर परत येणाऱ्या चॅसिसांपैकी फारच थोडी चित्राच्या वायरी चुकल्यामुळे आलेली असतात. बहुतेक सगळी वीजपुरवठ्याच्या जोडणीत मार खाऊन येतात, म्हणून आधी तोच विषय घेतो.

हे मॉनिटर १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्या घरी २३० व्होल्ट येतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे बाजारातून २३० चे ११० करणारा कन्व्हर्टर आणला जातो आणि काम झाले असे समजले जाते. अडचण अशी, की या मॉनिटरांच्या आत मेन्स थेट ब्रिज रेक्टिफायरवर (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांवर) जातो आणि त्या ब्रिजची ऋण बाजू हीच संपूर्ण सर्किटची ग्राउंड असते. हीच ग्राउंड व्हिडिओच्या काळ्या वायरीतून गेम बोर्डाला आणि तेथून कॅबिनेटच्या अर्थिंगला मिळते. मेन्सचा न्यूट्रलही शेवटी जमिनीलाच जोडलेला असल्याने ब्रिजमधील डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडतो, डायोड जातात आणि नशीब वाईट असेल तर गेम बोर्डही जातो. हा रस्ता तोडण्यासाठी मॉनिटर आणि मेन्स यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे, म्हणजे ज्याच्या प्रायमरी आणि सेकंडरी गुंडाळ्यांत तांब्याचा कोणताही संबंध नाही असा ट्रान्सफॉर्मर. दुकानातले स्वस्त कन्व्हर्टर बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज कमी करतात, पण आयसोलेशन देत नाहीत.

आपल्याजवळचा ट्रान्सफॉर्मर कोणत्या जातीचा आहे, हे ओळखायला मिनिटभर पुरते. प्लग भिंतीतून काढावा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवावा, एक प्रोब प्लगच्या पिनेला आणि दुसरा आउटपुटच्या सॉकेटला लावावा, आणि दोन्ही पिना दोन्ही भोकांशी आलटून पालटून तपासाव्यात. कोठेही बीप वाजली किंवा थोडेफार ओहम दिसले, तर तो ट्रान्सफॉर्मर या कामाचा नाही. चारही वेळा मीटर गप्प राहिला तर आयसोलेशन आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करणारा, ५० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेला आणि किमान १५० व्हीएचा असावा. अमेरिकेतून कॅबिनेटसोबत आलेला ६० हर्ट्‌झचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापतो. चित्राची उभी गती मात्र गेम बोर्ड ठरवतो, त्यामुळे ५० हर्ट्‌झच्या मेन्सने खेळाचा वेग बदलत नाही. या ट्रान्सफॉर्मरवर फक्त मॉनिटर ठेवावा. गेम बोर्डाचा स्विचिंग पॉवर सप्लाय आणि मार्कीची (कॅबिनेटच्या माथ्यावरील नावाच्या पाटीची) ट्यूबलाइट यांना वेगळी लाइन द्यावी.

चॅसिस बसवताना कॅबिनेटचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते स्विच बंद करून भागत नाही. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर (काचेवरच्या रबरी टोपीखालील जोडावर) चालू असताना सुमारे २० हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही चार्ज टिकून राहतो. लांब मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला क्लिपवाली वायर लावून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवर ताणून बसवलेल्या विणलेल्या तारेला पकडवावे, आणि मग एका हाताने पाते रबरी टोपीखाली सरकवावे. दुसरा हात खिशात असलेला बरा. पाच-दहा मिनिटांनी हेच पुन्हा करावे, कारण काचेत मुरलेला चार्ज थोडा परत वर येतो.

यानंतरचा क्रम असा ठेवावा. आधी योकचा (ट्यूबच्या मानेभोवतीच्या गुंडाळ्यांचा) प्लग, मग ट्यूबच्या मानेवर, म्हणजे मागच्या निमुळत्या टोकावर, बसणारे छोटे सर्किट म्हणजे नेक बोर्ड (हे सरळ आणि हलक्या हाताने, कारण मान तिथेच तडकते), मग विणलेल्या तारेची वायर नेक बोर्डाच्या ग्राउंडला, आणि शेवटी ॲनोडची टोपी. विणलेल्या तारेची ही वायर विसरण्याचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके आहे. ती नसली तर ट्यूबमध्ये ठिणगी उडाल्यास तिला परतीचा सोपा रस्ता उरत नाही आणि ती नेक बोर्डावरील ट्रान्झिस्टरांतून जाते. योक न जोडता मॉनिटर कधीही चालू करू नये. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन वायरी चॅसिसच्या एसी इनपुटला कोणत्याही बाजूने जोडल्या तरी चालतात, कारण आयसोलेशननंतर फेज आणि न्यूट्रल हा भेद राहत नाही.

पहिल्यांदा वीज देताना गेम बोर्डाच्या वायरी सुट्या ठेवाव्यात आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही; लख्ख पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करावे. फ्यूज उडाला तर त्यावर लिहिलेल्या ॲम्पिअरचाच फ्यूज घालावा. एकदा आमच्याकडे असे चॅसिस आले, की त्याच्या काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार सुबकपणे सात-आठ वेढे देऊन गुंडाळलेली होती. तार शाबूत होती, पण तिच्या मागचे बाकी काहीच शाबूत नव्हते.

आता चित्राच्या वायरी. बोर्ड १९८५ च्या जामा मानकाचा (आर्केड बोर्डांच्या जोडणीच्या सामायिक पद्धतीचा) असेल तर ५६ पिनांच्या कनेक्टरवर पार्ट्सच्या बाजूने १२ व्या पिनेवर लाल आणि तिच्या पाठीमागे सोल्डरच्या बाजूला हिरवा, १३ व्या पिनेवर निळा आणि तिच्या पाठीमागे सिंक (चित्र जागेवर स्थिर ठेवणारा सिग्नल), तर १४ व्या पिनेवर व्हिडिओ ग्राउंड असते. पॅक-मॅनचा ४४ पिनांचा बोर्ड या मानकाच्या आधीचा असल्याने त्याला वेगळा हार्नेस (कनेक्टरसह वायरींचा जुडगा) लागतो. जामा बोर्ड आडवे आणि उभे सिंक एकाच वायरीतून देतो, तर या मॉनिटरांवर दोन्हींची वेगळी टोके असतात. ती कशी मिळवायची याचा गोंधळ होऊ नये म्हणून सोबतच्या हार्नेसमध्ये हे काम आम्ही आधीच केलेले आहे. पांढरी वायर तेवढी सिंकला जोडावी. काळी वायर व्हिडिओ ग्राउंडलाच जावी, ती जवळ दिसणाऱ्या एखाद्या लोखंडी पट्टीला अडकवू नये.

एखादा रंग अजिबात नसेल तर आधी कनेक्टर हलवून पाहावा. चाळीस वर्षांच्या पिनांना ड्राय सोल्डर होतेच. आम्ही चॅसिसवरच्या पिना नव्याने सोल्डर करतो, पण कॅबिनेटमधील हार्नेसपर्यंत आमचा हात पोहोचत नाही. चित्र वर किंवा खाली पळत असेल, तर सिंकची वायर नाही अथवा ग्राउंड सुटली आहे. तिरके पट्टे दिसले तर हॉरिझॉन्टल होल्ड (चित्राची आडवी गती जुळवणारा प्रीसेट) अगदी थोडा फिरवावा. चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे आले तर योकच्या आडव्या गुंडाळीच्या दोन वायरी मॉनिटर बंद असताना अदलाबदल कराव्यात. बी-प्लसचा (चॅसिसच्या मुख्य डीसी पुरवठ्याचा) प्रीसेट मात्र आम्ही मीटर लावून बसवलेला असतो (जी-०७ साठी १२० व्होल्ट डीसी), त्याला स्क्रू ड्रायव्हर लावू नये.

दोन गोष्टी या मॉनिटरांना जोडूच नयेत. संगणकाच्या व्हीजीए पोर्टमधून ३१ किलोहर्ट्‌झचा सिग्नल येतो आणि हे मॉनिटर त्याच्या निम्म्या गतीचे आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे निन्टेन्डोच्या डाँकी काँगसारख्या कॅबिनेटांतील बोर्ड. त्यांचा सान्यो मॉनिटर उलटा व्हिडिओ घेतो, त्यामुळे तो बोर्ड मध्ये इन्व्हर्टर न घालता येथे जोडला तर रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. बिघाड होत नाही, पण ग्राहक घाबरून फोन करतात.

चॅसिस परत पाठवावे लागले तर ते नेक बोर्ड आणि ईएचटी ट्रान्सफॉर्मरसह (ॲनोडचे हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसह) पाठवावे, पिक्चर ट्यूब कॅबिनेटमध्येच राहू द्यावी. वायरी काढण्यापूर्वी सर्व कनेक्टरांचे फोटो घ्यावेत, आणि आपल्या ट्रान्सफॉर्मरवरील लेबलाचाही एक फोटो सोबत पाठवावा.